जजेससाठी की स्टँडमधल्या आजीसाठी?

ताई, नमस्कार. तुमच्या पत्रात खरं तर दोन पत्रं आहेत. एक तुमचं, की लेक अकरावीत आहे, तिथे अमेरिकेत इंडियानात शाळेच्या मार्चिंग बँडमध्ये मेलोफोन हे ब्रास वाद्य वाजवते आणि आता म्हणते मला इंजिनिअरिंग नको, ड्रम कोअरचे (म्हणजे ब्रास आणि ड्रम वाजवत मैदानावर फिरून स्पर्धेत शो करणाऱ्या गटांचे) शो डिझाईन करायचेत, तर यात पोटापाण्याचं काही आहे का. दुसरं तिने स्वतः खाली लिहिलेलं, की ऑगस्टमध्ये सांगलीहून आलेल्या आजीला घेऊन तुम्ही सगळे इंडियानापोलिसला ड्रम कोअरच्या फायनल्सला गेलात, एका कोअरला आजी उभी राहून टाळ्या वाजवत होती, दुसऱ्याच्या वेळी विचारत होती "हे काय चाललंय गं", आणि मार्क पडले दुसऱ्याला जास्त. बँड डायरेक्टर म्हणतात जजेसची शीट, म्हणजे मार्क कशाचे हे सांगणारा कागद, वाच आणि ती मागते ते दे, बाबा म्हणतात पब्लिकला कळलंच नाही तर उपयोग काय, आणि ती विचारतेय की मग शो करायचा तरी कुणासाठी.

तिचं आधी घेते, कारण तुमच्या प्रश्नाचं उत्तर त्यातूनच निघणार आहे.

बाळा, माझं मत विचारशील तर शो त्या माणसासाठी कर जो तो आयुष्यात एकदाच बघणार आहे. म्हणजे तुझ्या आजीसाठीच. आणि मी काही जजेसना सोडून दे म्हणत नाहीये, तुझे सर म्हणतात तशी शीट वाचच, पण पूर्ण वाच. शंभरातले ४० मार्क जनरल इफेक्टचे, ३० व्हिज्युअलचे, ३० म्युझिकचे. सगळ्यात मोठा वाटा इफेक्टचा आहे, आणि तिथे जजने बघायचं असतं की शो डोक्याला, मनाला आणि डोळ्यांना भिडतो का. पूर्वी असं नव्हतं. डीसीआयच्या (ड्रम कोअर इंटरनॅशनल, ही स्पर्धा घेणारी संस्था) सुरुवातीच्या वर्षांत, पहिली चॅम्पियनशिप १९७२ ची, टिक सिस्टीम होती, जज पेन्सिल घेऊन मैदानात फिरायचा आणि चूक दिसली की एक दशांश कापायचा. ती पद्धत १९८४ मध्ये बंद झाली. म्हणजे चुका मोजण्यापासून परिणाम मोजण्यापर्यंत ही मंडळी स्वतःच चालत आली आहेत.

मग तरी फायनल्सला आजीचं आणि शीटचं जमलं का नाही? माझ्या मते कारण असं आहे की जज त्याच जगातला असतो, बहुतेक जण कधीतरी स्वतः मार्च केलेले, शिकवणारे, डिझाईन करणारे, त्यांना माहीत असतं की पळत पळत तो पॅसेज वाजवणं किती अवघड आहे. शिवाय उन्हाळाभर ते एवढे शो बघतात की ठरलेल्या युक्त्यांचा त्यांना कंटाळा येतो, नवं काही दिसलं की बरं वाटतं, आणि त्यात गैर काही नाही. पण डिझाईन टीमसुद्धा हिवाळ्यापासून त्याच शोबरोबर जेवतेय झोपतेय, तिलाही तो पहिल्यांदा बघणं म्हणजे काय ते आता आठवत नाही. आणि जजेसचं म्हणणं स्टाफपर्यंत पोचायला सोय आहे, रेकॉर्ड केलेली कॉमेंटरी असते, क्रिटिक नावाच्या बैठकीत समोरासमोर बसून बोलणं होतं, त्याप्रमाणे जुलैत शो बदलतो, शेवट बदलतो. आजीबरोबर कुणाची मीटिंग होत नाही. जजेसना खूश करायचं असं कुणी ठरवतही नसेल गं, पण ज्याचं ऐकायला मिळतं त्याच्याकडे शो आपोआप झुकतो.

आता दोन शो सांगते, दोन्हीचे व्हिडिओ शोध आणि एकाच संध्याकाळी बघ.

पहिला १९९३ चा स्टार ऑफ इंडियाना, ब्लूमिंग्टनचा कोअर, म्हणजे तुमच्याच राज्यातला. संगीत बार्टोक आणि बार्बरचं, अंगावर येणारं, चकचकीत काही नाही, शरीराची हालचाल इतकी नेमकी की आजही शिकवणारे लोक ते दाखवतात. स्टँडमधल्या बऱ्याच जणांना ते थंड वाटलं, पटलं नाही, नाराजी ऐकूही आली. आणि जिंकला कॅडेट्स हा दुसरा कोअर, ९७.४ ला ९७.३, फक्त एका दशांशाने. त्यानंतर स्टारने स्पर्धाच सोडली. पण पुढे बघ काय झालं, त्याच मंडळींनी तीच शिस्त, तेच ब्रास आणि ड्रम थिएटरात नेले, त्याचा 'ब्लास्ट' हा स्टेज शो झाला, ब्रॉडवेवर गेला आणि २००१ मध्ये त्याला टोनी हा रंगभूमीचा पुरस्कार मिळाला. तिथे शीट नव्हती, तिकीट काढून आलेला, ड्रम कोअर हा शब्दही न ऐकलेला माणूस होता. कला तीच होती, फक्त त्या माणसाला आत यायला दार ठेवलं होतं.

दुसरा २००८ चा फँटम रेजिमेंट, रॉकफर्ड इलिनॉयचा, 'स्पार्टाकस'. गोष्ट एका वाक्यात सांगता येते, गुलाम मालकांविरुद्ध उठतात. शेवटाकडे मुलं एकेक करून ओरडतात "मी स्पार्टाकस", आणि स्टँडमधले लोकही ओरडायला लागले. फायनल्सला त्यांना ९८.१२५ आणि ब्लू डेव्हिल्स या कोअरला ९८.१००. म्हणजे ०.०२५ चा फरक. आता लोकांच्या ओरडण्यामुळेच जिंकले असं मी म्हणणार नाही, ते वाजवतही तसेच होते. पण जज काही बहिरा नसतो ना, स्टेडियम उठून उभं राहिलं की तेही त्याच्या कानावर पडतंच.

ब्लू डेव्हिल्सवर अन्याय नको. अवघड, डोकं लावून बघायचे शो म्हणून लोक त्यांच्यावर कुरकुर करतात, पण २०१४ ला त्यांनी ९९.६५ घेतले, आजवरचे सगळ्यात जास्त, आणि तो शो परत परत बघितला की दर वेळी नवीन काही दिसतं. त्याच वर्षी दुसरे आले ब्लूकोट्स, आणि त्यांच्या त्या घसरत जाणाऱ्या सुराची आठवण लोक अजून काढतात. दोनच वर्षांनी, २०१६ ला, उतरणींवरून घसरणारी मुलं घेऊन ते पहिल्यांदा जिंकले. नवीनही होतं आणि पहिल्या नजरेत कळतही होतं. दोन्ही एकत्र जमतं गं, फक्त मेहनत दुप्पट लागते.

माझ्याकडे पूर्वी आलेला एक मुलगा आता तीन हायस्कूल बँडसाठी ड्रिल, म्हणजे मैदानावर कोण कुठून कुठे जाणार याचा आराखडा, लिहितो. तो स्वतःचा शो असला की सगळ्यात वरच्या रांगेत जाऊन मैदानाकडे पाठ करून बसतो. वही मांडीवर, कानाने शो चालू, नजर लोकांवर. लोक कुठल्या मिनिटाला पुढे झुकले, कुठे फोन बाहेर आले, कुठे कुणी पॉपकॉर्न आणायला उठलं. ते लिहून घेतो आणि सोमवारी जजेसच्या कॉमेंटरीशेजारी ठेवून दोन्ही वाचतो. तू हे उद्यापासून करू शकतेस, तुमच्या शुक्रवारच्या फुटबॉल गेमला.

आता ताई, तुमचं. एकट्या ड्रम कोअरवर घर चालत नाही, हे तिला आत्ताच स्पष्ट सांगा. मेंबरला पैसे मिळत नाहीत, उलट त्यालाच एका सीझनची काही हजार डॉलर फी भरावी लागते, आणि मुख्य स्पर्धेच्या कोअरमध्ये साधारण २१-२२ वर्षांपर्यंतच मार्च करता येतं. डिझायनर मंडळींचं पोट बहुतेक हायस्कूल बँडांवर चालतं, शो लिहिणं, अरेंजिंग, ड्रिल, हिवाळ्यात इनडोअर परकशन (जिममधले ड्रमचे शो) आणि विंटर गार्ड (झेंडे वगैरे घेऊन केलेले नाचाचे शो). आणि त्यातल्या पुष्कळ जणांची मुख्य नोकरी शिक्षकाची असते. म्हणून माझा सल्ला म्युझिक एज्युकेशनची डिग्री, राज्याचं टीचिंग लायसन्स निघेल अशी. पगार असेल, इन्शुरन्स असेल, आणि हाताशी दरवर्षी शंभर मुलांचा बँड, म्हणजे तिची प्रयोगशाळाच. इंडियानात चांगले म्युझिक स्कूल आहेत, इन-स्टेट फीचाही फायदा होईल. इंजिनिअरिंग नको म्हणते म्हणून गणित सोडू देऊ नका, ड्रिल म्हणजे निम्मी भूमितीच असते. पायवेअर हे ड्रिल लिहायचं सॉफ्टवेअर तिला आत्ताच शिकू द्या, आणि मिडल स्कूलच्या मुलांसाठी दोन मिनिटांचं काहीतरी बसवू द्या, फुकट का होईना.

आणि एक तरी उन्हाळा तिला मार्च करू द्या. काळजी वाटेल मला माहीत आहे, बसमध्ये झोपायचं, शाळांच्या जिमच्या फरशीवर झोपायचं, भर उन्हात दिवसभर रिहर्सल. पण ज्याने ते केलेलं नाही तो दुसऱ्यांच्या मुलांना काय काय करायला लावतोय हे त्याला कळत नाही. ऑडिशन कॅम्प साधारण नोव्हेंबर-डिसेंबरात सुरू होतात, व्हिडिओनेही घेतात. कोअर निवडताना फी, आर्थिक मदत आणि मुलांच्या सुरक्षिततेचे नियम आधी विचारा, ट्रॉफ्या नंतर मोजा.

आजी परत जायच्या आत तिला ते दोन्ही व्हिडिओ दाखवा, आधी काही न सांगता, आणि लेकीने शेजारी बसून स्क्रीनकडे न बघता आजीकडे बघावं. काय लिहून घेतलं ते मला जरूर पाठवा.