केन फ्रँकलिनची ‘सबब’ पक्की होती का? ‘ॲलिबाय’ या शब्दाविषयी

प्रश्न असा आहे. कोलंबो या पोलीस तपासनिसावरच्या ‘कोलंबो’ या अमेरिकी मालिकेतल्या ‘मर्डर बाय द बुक’ या भागातल्या खुन्याबद्दल, केन फ्रँकलिनबद्दल, एकाने लिहिलं, “केन फ्रँकलिनची सबब पक्की होती.” दुसऱ्याने हरकत घेतली की सबब म्हणजे टाळाटाळीचं कारण, इथे ‘निर्दोषत्वाचा पुरावा’ हवं. तिसऱ्याने सुचवलं की सरळ ‘खोटी ॲलिबी’ म्हणा. मराठीत ‘ॲलिबाय’साठी, म्हणजे गुन्हा घडला तेव्हा आपण दुसरीकडे होतो या दाव्यासाठी, नेमका शब्द कोणता, आणि तिघांपैकी कोणाचं बरोबर?

माझ्या मते तिघांचंही चुकलं आहे. पहिल्या दोघांची चूक शब्दाची आहे. तिसऱ्याचा शब्द चालून जाईल, पण त्याला लावलेलं ‘खोटी’ हे विशेषण या भागाला लागू पडत नाही. तिथेच खरी गंमत असल्यामुळे त्यावर जरा सविस्तर लिहितो.

आधी ‘सबब’. हा अरबीतून फारसीमार्गे आलेला शब्द, मूळ अर्थ ‘कारण’. तो अर्थ कचेरीच्या मराठीत अजून शाबूत आहे. अर्जाच्या शेवटी “सबब, विनंती की…” असं येतं तेव्हा त्याचा अर्थ ‘म्हणून’, ‘या कारणास्तव’ एवढाच असतो. बोलण्यात मात्र सबब म्हणजे न पटणारं, पुढे केलेलं कारण. “सबबी सांगू नकोस” हे वाक्य आपण त्याच अर्थाने वापरतो. या दोन्ही अर्थांत ‘कुठे होतास?’ या प्रश्नाचा मागमूसही नाही. मग गोंधळ कुठून आला? अमेरिकी बोलीत विसाव्या शतकात ‘ॲलिबाय’चा अर्थ सैल होऊन ‘सबब’, ‘बहाणा’ असा झाला. शब्दकोशांनी दोन्ही अर्थ नोंदवले आणि आपण चुकीचा उचलला. खेळाडू हरल्यावर खेळपट्टीला दोष देतो, त्या ‘ॲलिबाय’ला मराठीत सबब म्हणणं योग्य आहे. खुनाच्या तपासात नाही.

‘निर्दोषत्वाचा पुरावा’ हा शब्द वजनदार वाटतो, पण तो फार मोठा दावा करतो. घटना घडली तेव्हा मी तिथे नव्हतो, एवढंच ॲलिबाय सांगतो. सुपारी देऊन खून करवणारा माणूस त्या वेळी दुसऱ्या गावी लग्नात जेवत असू शकतो. त्याचं तिथे असणं शंभर पाहुणे सांगतील आणि तरी तो दोषी असेल. बाटलीत आधीच विष मिसळून ठेवलं आणि खून आठवड्याने झाला, तर ॲलिबायला काही किंमतच उरत नाही. तेव्हा निर्दोषत्व वेगळं, अनुपस्थिती वेगळी.

आता मूळ शब्द. ‘ॲलिबाय’ हे लॅटिनमध्ये नाम नव्हतंच. ते स्थलवाचक क्रियाविशेषण होतं: ‘दुसऱ्या ठिकाणी’. इंग्रजी कोर्टांतही सुरुवातीला ते क्रियाविशेषण म्हणूनच वापरलं जाई, म्हणजे आरोपी ‘अन्यत्र होता’ असं सिद्ध करायचं. नंतर त्याचं नाम झालं. संस्कृतात याची जोड इतकी नेमकी आहे की वेगळा शब्द घडवायची गरज पडत नाही: अन्य अधिक त्र, ‘अन्यत्र’. सप्तमीच्या, म्हणजे ‘कुठे’च्या अर्थी हा ‘त्र’ लागतो असं पाणिनीचं सूत्रच आहे, ‘सप्तम्यास्त्रल्’. कुत्र, तत्र, सर्वत्र ही त्याचीच भावंडं. न्यायालयीन मराठीतला ‘अन्यत्र उपस्थितीचा बचाव’ हा प्रयोग म्हणूनच अर्थाने अचूक आहे. त्याची अडचण लांबीची आहे. उपशीर्षकात किंवा भराभर चाललेल्या गप्पांत तो जड होतो. ‘अन्यत्रता’ असं नाम करून पाहता येईल, पण ऐकणाऱ्याला ते तत्त्वज्ञानातलं वाटेल, पोलीस ठाण्यातलं नाही.

भारतीय कायद्याने काय केलं तेही पाहण्यासारखं आहे, कारण कायद्याला या शब्दावाचून अडलं नाही. १८७२ च्या भारतीय पुरावा अधिनियमात ‘ॲलिबाय’ हा शब्द येत नव्हता. कलम ११ खाली फक्त अशा प्रसंगाचं एक उदाहरण होतं: अमुक दिवशी ‘अ’ने कलकत्त्यात गुन्हा केला का, हा प्रश्न असेल, तर त्या दिवशी ‘अ’ लाहोरला होता ही गोष्ट संबद्ध ठरते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ मध्ये हे कलम ९ झालं आणि उदाहरणातली गावं बदलून चेन्नई आणि लडाख झाली. आपण दुसरीकडे होतो असं जो म्हणतो त्यानेच ते सिद्ध करायचं, हा नियम जुन्या कलम १०३ मध्ये होता, तो आता कलम १०६ मध्ये आहे. बिनय कुमार सिंग विरुद्ध बिहार राज्य या निकालात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की ॲलिबाय हा दंडसंहितेतल्या अपवादांपैकी नव्हे, तो पुराव्याचा नियम आहे, आणि तो शाबीत करण्याचा भार मोठा असतो. शब्द निवडताना यातून दोन गोष्टी हाती लागतात. एक, ॲलिबाय म्हणजे आधी दावा असतो आणि शाबीत झाला तरच पुरावा होतो. दोन, अंतर आणि वेळ यांची सांगड हा त्याचा गाभा आहे. माणूस लांब होता एवढं पुरत नाही. त्या वेळेत तिथून इथे पोहोचणं जवळजवळ अशक्य होतं, हे दिसायला हवं.

आता ‘मर्डर बाय द बुक’. १५ सप्टेंबर १९७१ ला दाखवलेला, स्टीव्हन स्पीलबर्गने दिग्दर्शित केलेला हा भाग. केन फ्रँकलिन आणि जिम फेरिस हे रहस्यकथा लिहिणारे जोडलेखक. लेखन सगळं जिम करतो, केन मुलाखती देतो. जिमला वेगळं व्हायचं आहे. केन त्याला लॉस एंजेलिसच्या कचेरीतून सॅन दिएगोजवळच्या आपल्या लाकडी घरी नेतो. निघताना लायटर विसरल्याचं सांगून तो परत वर जातो आणि कचेरीतलं सामान अस्ताव्यस्त करून ठेवतो. सॅन दिएगोच्या घरातून जिम बायकोला फोन करून सांगतो की मी कचेरीत उशिरापर्यंत काम करतोय. फोन चालू असतानाच केन गोळी झाडतो. बायकोने आवाज ऐकला, नवरा कचेरीत आहे असं तिला वाटतं, कचेरी उलथीपालथी झालेली आहे. पोलिसांच्या दृष्टीने खून लॉस एंजेलिसमध्ये झाला आणि केन त्या वेळी सुमारे दोनशे किलोमीटर दूर, गाडीने दोन तासांच्या रस्त्यावर होता.

आता पाहा: केनचा दावा खोटा आहे का? मी त्या वेळी सॅन दिएगोच्या घरी होतो, असं तो म्हणतो, आणि तो तिथेच होता. त्याच्या वाक्यात एक अक्षरही खोटं नाही. त्याने स्वतःला हलवलेलं नाही, गुन्ह्याची जागा हलवली आहे. म्हणून ‘खोटी ॲलिबी’ म्हटलं की या भागाचा कणाच मोडतो. कोलंबोला केनचा ठिकाणा खोडता आलाच नसता, कारण तो खरा आहे. त्याला दाखवायचं आहे ते जिमचं ठिकाण. म्हणून तो केनच्या वागण्याकडे लक्ष देतो. बातमी कळल्यावर हा विमानाने का आला नाही, गाडीने का आला? डिकीत मृतदेह होता म्हणून; तो त्याने नंतर स्वतःच्याच अंगणात टाकला. स्वतःच्याच अंगणात भागीदाराचा मृतदेह पाहिल्यावर माणूस घरात जाऊन टपाल कसं उघडतो? शेवटी जिमच्याच कागदांत ही फोनची युक्ती कथाबीज म्हणून लिहून ठेवलेली सापडते. दुकानदारीण लिली ला सांका हिने जिमला केनच्या गाडीत पाहिलं होतं, आणि जिम सॅन दिएगोच्या रस्त्यावर होता हे तीच एकटी सांगू शकत होती. म्हणूनच केन तिलाही संपवतो.

अशा ॲलिबायला मराठीत ‘बनाव’ हा शब्द चपखल बसतो. बनावात प्रत्येक वस्तू खरी असू शकते, मांडणी मात्र खोटी असते. ‘बनावट’ म्हटलं तर वस्तूच नकली ठरते, म्हणून तो शब्द नको. “केनने बनाव रचला” हे वाक्य बरोबर, “केनचा दावा खोटा होता” हे चूक.

मालिकेतले इतर भाग घेतले की हा फरक आणखी स्पष्ट होतो. ‘सूटेबल फॉर फ्रेमिंग’ (१९७१) मध्ये डेल किंग्स्टन मामाचा मृतदेह विजेच्या ब्लँकेटखाली उबदार ठेवतो. शरीर थंड होण्यावरून मृत्यूची वेळ काढतात, ती त्यामुळे पुढे सरकते. गोळीचा आवाज साथीदार बाई नंतर करते, तेव्हा तो चित्रप्रदर्शनाच्या उद्घाटनाला असतो. त्याचाही दावा खराच, फक्त वेळ हलवलेली. ‘प्लेबॅक’ (१९७५) मध्ये सुरक्षारक्षक पडद्यावर खून ‘होताना’ पाहतो, पण ती आधीच करून ठेवलेली चित्रफीत असते आणि खुनी तेव्हा समारंभात असतो. तिथे चित्रफितीत टेबलावर पडलेली निमंत्रणपत्रिका घात करते, कारण तो समारंभाला निघण्यापूर्वीच खून झाला हे तिने उघड होतं. याउलट ‘फेड इन टु मर्डर’ (१९७६) मधला नट वॉर्ड फाउलर मित्राला गुंगीचं औषध देतो, बाहेर जाऊन खून करून येतो, मित्राचं घड्याळ मागे लावतो आणि रेकॉर्ड करून ठेवलेला बेसबॉलचा सामना दाखवत त्याला जागं करतो. मित्र प्रामाणिकपणे साक्ष देतो की फाउलर माझ्याजवळच होता. इथे साक्षीदार खरा आहे, पण फाउलरचा दावा धडधडीत खोटा आहे. ‘खोटा ॲलिबाय’ म्हणायचं असेल तर या भागाला म्हणा.

आता रोजच्या वापरासाठी मी ज्याची शिफारस करतो तो शब्द: ‘ठावठिकाणा’. त्यात ठिकाण आहे, माणूस आहे, आणि तपासाच्या भाषेत तो आधीपासून रुळलेला आहे. एकच काळजी घ्यायची, ‘लागणे’ हे क्रियापद टाळायचं. “त्याचा ठावठिकाणा लागत नाही” म्हटलं की माणूस हरवल्यासारखं होतं. “त्या रात्रीचा ठावठिकाणा सांगितला”, “ठावठिकाणा पडताळला”, “ठावठिकाणा पटण्यासारखा होता” ही वाक्यं स्वच्छ आहेत. त्याआधी वेळ जोडायला विसरू नये, ‘त्या वेळचा’, ‘रात्री नऊचा’. वेळेशिवाय तो नुसता पत्ता होतो.

अनेकदा तर नामच नको असतं. मराठीचा कल क्रियापदाकडे आहे. “तुझ्याकडे ॲलिबी आहे का?” याचं नैसर्गिक मराठी “त्या वेळी तू कुठे होतास, आणि ते कोण सांगेल?” असं होतं. “मी तुझी ॲलिबी आहे” याऐवजी “तू माझ्याकडे होतास, हे मी सांगेन”. उपशीर्षकं लिहिणाऱ्यांनी हे आधी करून पाहावं. दोन शब्द वाढले तरी पात्र जिवंत वाटतं.

विशेषणं आणि क्रियापदं निवडतानाही जपून. भक्कम ॲलिबायसाठी ‘हवाबंद’ लिहिलेलं दिसतं, पण मराठीत हवाबंद असतो तो डबा. दाव्याला ‘बिनतोड’, ‘भक्कम’, ‘चोख’ शोभतं. ‘ॲलिबी तोडली’ हेही मराठी नाही. दावा असेल तर तो खोडून काढतात, साक्ष असेल तर उलटतपासणीत ती टिकत नाही, आणि बनाव असेल तर तो उघडा पाडतात किंवा उघडकीला येतो. केन फ्रँकलिनच्या बाबतीत ‘खोडून काढला’ चालणार नाही, ‘उघडा पाडला’च हवं.

मूळ शब्दच ठेवायचा असेल तर उच्चार ‘ॲलिबाय’ आहे, शेवटी ‘आय’. ‘ॲलिबी’ हे अक्षरांवरून केलेलं वाचन आहे. ते इतकं पसरलं आहे की मी त्याला चूक म्हणणार नाही, मात्र लिंग ठरवताना एकवाक्यता ठेवावी. ‘ॲलिबी’ ईकारान्त असल्यामुळे साहजिकच स्त्रीलिंगी होते: तिची ॲलिबी, ॲलिबी पक्की. ‘ॲलिबाय’ पुल्लिंगी घ्यावा: त्याचा ॲलिबाय, ॲलिबाय भक्कम. दोन्हींत सामान्यरूपात बदल होत नाही, ‘ॲलिबीचा’, ‘ॲलिबायचा’. एकाच लेखात ‘ॲलिबाय पक्की’ असं मिश्रण मात्र कानाला खुपतं.

लिहिताना पहिलं अक्षर ‘ॲ’ हे एकच अक्षर म्हणून टंकावं. २००९ च्या शासन निर्णयाने ते मराठी वर्णमालेत अधिकृतपणे आलं आहे आणि युनिकोडमध्ये त्याला स्वतंत्र जागा आहे. अ लिहून वर वेगळा चंद्र लावला तर दिसायला तेच दिसतं, पण संगणकाच्या दृष्टीने ती दोन वेगळी अक्षरं असतात. मग शोध घेताना अर्धे उल्लेख सापडतात आणि अर्धे नाहीत.

पहिल्या लेखकाचं वाक्य मी असं लिहीन: “केन फ्रँकलिनचा त्या रात्रीचा ठावठिकाणा बिनतोड होता, कारण तो खरा होता; खोटी होती ती खुनाची जागा.”