'बट'च्या आधीचा सेमीकोलन का खोडला?

प्रश्न असा आहे : 'ही कॉल्ड मेनी टाइम्स; बट नोबडी केम' या इंग्रजी वाक्यातला सेमीकोलन (आपला अर्धविराम) तपासणाऱ्याने खोडून तिथे स्वल्पविराम केला. मराठीत तर 'त्याने खूप हाका मारल्या; पण कोणी आले नाही' असंच शिकवतात. मग चुकलं कुठे?

मराठीत काहीच चुकलं नाही. दोन वाक्यं उभयान्वयी अव्ययाने जोडताना आपण त्याआधी अर्धविराम देतो. आजच्या इंग्रजीची रीत जवळजवळ उलटी आहे. अँड, बट, सो असा जोडणारा शब्द असला की स्वल्पविराम पुरतो. तो नसेल तेव्हाच सेमीकोलन. 'ही कॉल्ड मेनी टाइम्स; नोबडी केम' हे अगदी बरोबर, कारण इथे 'बट'चं काम ते चिन्हच करतं.

खरी अडचण 'हाउएव्हर'ची. अर्थ 'पण'चाच, तरी त्याच्या आधी सेमीकोलन आणि नंतर स्वल्पविराम लागतो. कारण ते क्रियाविशेषण आहे, त्याला वाक्यं जोडता येत नाहीत. ओळखायचं कसं? शब्द हलवून पाहा. 'नोबडी केम, हाउएव्हर' चालतं, 'नोबडी केम, बट' चालत नाही. आपल्याकडे 'पण' आणि 'मात्र' यांत हाच फरक आहे. 'मात्र कोणी आले नाही' आणि 'कोणी मात्र आले नाही' ही दोन्ही ठीक. पण 'कोणी पण आले नाही' म्हटलं की 'पण'चा अर्थच पालटतो. 'देअरफोर', 'नेव्हरदलेस' हे 'मात्र'च्या जातीचे.

'बिकॉज', 'ऑल्दो' यांच्यापाशी मात्र सेमीकोलन नको. चिन्हाच्या जागी पूर्णविराम देऊन पाहा. एक बाजू अर्धवट लोंबकळत राहते.

'स्वल्पविरामापेक्षा जास्त, पूर्णविरामापेक्षा कमी थांबा' ही सेमीकोलनची व्याख्या वाचणाऱ्याच्या उपयोगाची, लिहिणाऱ्याला ती फसवते.

अठराव्या-एकोणिसाव्या शतकातल्या इंग्रजी पुस्तकांत 'बट'च्या आधी सेमीकोलन सर्रास दिसतो. मराठीत विरामचिन्हं आणण्याचं श्रेय ज्यांना देतात ते मेजर थॉमस कँडीही एकोणिसाव्या शतकातले. आपला नियम ही त्या जुन्या इंग्रजीचीच ठेव असावी, असं मला वाटतं.

आजही जोडलेल्या वाक्यांच्या पोटात आधीच स्वल्पविरामांची गर्दी असेल, तर 'बट'च्या आधी सेमीकोलन खुशाल द्यावा. तुमच्या वाक्यात ती नव्हती.