०, २५, ५०: आधी लूपमध्ये मीटर लावा, मग स्केलिंगला हात लावा

तुमचा प्रश्न असा समजलो: वडोदऱ्याच्या मकरपुरा जीआयडीसीतल्या कूलिंग वॉटर पंपासाठी पीएलसीला (यंत्रं चालवणारा कंट्रोलर) नवं ४-२० मिलिअँपचं ॲनालॉग आउटपुट कार्ड बसवलं, म्हणजे वेगाचा हुकूम ४ ते २० मिलिअँपच्या करंटने देणारं; प्रोग्राम जुनाच आहे. स्क्रीनवर हर्ट्झ टाकले की तेवढाच वेग ड्राइव्हला (मोटरचा वेग बदलणारं उपकरण) जावा म्हणून कस्टम स्केलिंग केलंत, म्हणजे किती हर्ट्झला किती मिलिअँप ते ठरवलंत. आता ५० ला ५० मिळतात, २५ ला ३० दिसतात आणि ० दिलं तरी पंप १० हर्ट्झवर फिरतो. इलेक्ट्रिशियनचं म्हणणं, मे महिन्याच्या उन्हात पॅनेल तापून मॉड्यूल (म्हणजे हेच कार्ड) ड्रिफ्ट झालं, आकडे सरकले.

ड्रिफ्ट नाही. तापमानाची चूक साधारण टक्क्याच्या आत असते. इथे ती तळाला २० टक्के आणि वरच्या टोकाला शून्य आहे. २० पैकी ४ म्हणजे २० टक्के, तेव्हा खालचे ४ मिलिअँप कुठेतरी चुकीचे धरले जाताहेत, हे नक्की. अडचण अशी की हेच तीन आकडे दोन वेगळ्या कारणांनी येतात.

पंप लोकलवर घ्या (पीएलसीऐवजी जागेवरून चालवा), ड्राइव्हकडे जाणारी एक वायर सोडवा आणि मल्टिमीटर सिरीजमध्ये लावा. लीड मिलिअँपच्या सॉकेटमध्ये हवी, टर्मिनलवर समांतर लावू नका. मग स्क्रीनवरून ०, २५, ५० द्या.

मीटरवर ४, १२, २० दिसले तर कार्ड आणि स्केलिंग दोन्ही ठीक. ड्राइव्हचा ॲनालॉग इनपुट ०-२० वर राहिला आहे, तो ४-२० करा, काम झालं.

७.२, १३.६, २० दिसले तर स्केलिंग दोनदा होतंय. जुनं कार्ड ०-२० चं असावं, म्हणून प्रोग्राममध्ये कुणीतरी हर्ट्झला ०.८ ने गुणून १० मिळवणारा ब्लॉक लिहिला असणार. आता नवं कार्ड स्वतःच ४ पासून सुरू होतं, त्यामुळे ती भर दुसऱ्यांदा पडते. तो ब्लॉक काढा आणि स्केलिंग एकाच जागी ठेवा. माझं मत विचाराल तर मॉड्यूलमध्ये.

पहिल्या प्रकारात, ड्राइव्ह ०-२० वर असताना, कार्डचा खालचा सिग्नल ० करून आकडे जुळवण्याचा मोह मात्र टाळा. वेग बरोबर दिसेल, पण तुटलेली वायर आणि ० हर्ट्झ यांत फरक उरणार नाही. ४ मिलिअँप त्यासाठीच ठेवलेले असतात. ड्राइव्हचा वायर-ब्रेक अलार्मही त्यावरच चालतो.

कार्ड कुठलं ते तुम्ही लिहिलं नाही. ॲलन-ब्रॅडली कंट्रोललॉजिक्स पीएलसीच्या १७५६-ओएफ८ सारख्या कार्डात चार आकडे भरायचे असतात: सिग्नल ४ आणि २०, त्यांच्यासमोर ० आणि ५०. ते दशांश संख्या घेतं. कार्ड फक्त पूर्णांक घेत असेल तर ० ते ५० ठेवू नका. एकेक पायरी ०.३२ मिलिअँपची होते आणि पीआयडी लूप (वेग आपोआप जुळवणारं नियंत्रण) त्यावर सतत वरखाली होत राहतो. ० ते ५००० ठेवा, म्हणजे ०.०१ हर्ट्झपर्यंत हुकूम देता येतो. सीमेन्स एस७ असेल तर ४-२० साठी ० ते २७६४८ ही ठरलेलीच रेंज आहे. तिथे स्केलिंग प्रोग्राममध्येच, नॉर्म-एक्स आणि स्केल-एक्स या तयार ब्लॉक्सनी करायचं. १२ मिलिअँपला १३८२४ जायला हवेत.

एक गोष्ट बहुतेकांच्या नजरेतून सुटते. ज्या कार्डात स्केलिंग बदलता येतं, तिथे क्लॅम्पच्या मर्यादा (आउटपुट जास्तीत जास्त किती खाली-वर जाऊ द्यायचं) आणि फॉल्ट झाल्यावर द्यायची व्हॅल्यू बहुधा त्याच युनिटमध्ये लिहिलेल्या असतात. तुम्ही ० ते ५० चं ० ते ५००० केलंत आणि क्लॅम्प ५० वरच राहिला, तर पंप अर्ध्या हर्ट्झच्या वर जाणार नाही. आणि फॉल्ट व्हॅल्यू म्हणून ३० लिहिलेले असतील, तर पीएलसी बंद पडल्यावर ड्राइव्हला मिळतील ०.३ हर्ट्झ; कूलिंग वॉटर जवळजवळ थांबलंच. प्रोसेसवाल्यांना विचारून ठरवा की अशा वेळी शेवटचा वेग धरायचा की ठरावीक द्यायचा, आणि पीएलसीचा कार्डशी संपर्क तोडून मीटरवर एकदा बघून घ्या.

मीटरचे तीन आकडे आणि कार्डचा नंबर इथे टाका, पुढचं त्यावरून सांगतो.