ओल्ड-फॅशन्ड: जोर 'ओल्ड'वर की 'फॅ'वर?

प्रश्न: मी बीएला आहे, स्पेशल इंग्लिश. डिक्शनरीत ओल्ड-फॅशन्डचा मुख्य जोर 'फॅ'वर दाखवलाय, पण 'ॲन ओल्ड-फॅशन्ड हाऊस' ऐकताना तो 'ओल्ड'वर वाटतो. बरोबर काय? आणि उच्चार फॅशन्ड की फॅशनेड?
(एक वाचक, सांगली)

उत्तर: जोराच्या बाबतीत दोन्ही बरोबर, आणि तुमचा कान खरंच तयार आहे! शब्द वाक्याच्या शेवटी आला, 'हिज आयडियाज आर ओल्ड-फॅशन्ड', की मुख्य जोर 'फॅ'वर आणि 'ओल्ड'वर थोडा कमी. पण पुढे लगेच नाम आलं की सगळ्यात मोठा जोर त्या नामावर जातो, म्हणजे इथे 'हाऊस'वर, आणि इंग्रजीला दोन मोठे जोर फार जवळ जवळ चालत नाहीत म्हणून विशेषणातला जोर मागे सरकून 'ओल्ड'वर येतो. थर्टीनचं पण तेच, एकटा असताना जोर 'टीन'वर आणि 'थर्टीन मेन' म्हणताना 'थर'वर. मराठीत जोर हलल्याने शब्दाचा अर्थ बदलत नाही त्यामुळे आपलं याकडे लक्षच जात नाही, शाळेतही हे कोणी शिकवत नाही आणि ते शिकवायलाच हवं असं मला मनापासून वाटतं.

आता फॅशन्ड. शेवटच्या एडच्या (-ed) आधी ट किंवा ड चा आवाज असेल तरच सहसा नवीन सिलेबल, म्हणजे उच्चाराचा एक तुकडा, वाढतं, म्हणून लेफ्ट-हँडिड, काइंड-हार्टिड. नाहीतर आधीच्या आवाजाप्रमाणे नुसता ड किंवा ट जोडायचा, इथे ड: बॅड-टेम्पर्ड, ब्लू-आइड. म्हणजे ओल्ड-फॅशन्डची सिलेबल्स तीनच, चार नाहीत. आणि हा एड भूतकाळाचा नाही बरं का, 'ब्लू' आणि 'आय'ची जोडी आधी जमते आणि मग अख्ख्या जोडीला एड लागतो, निळे आहेत डोळे ज्याचे तो, सरळ आपला बहुव्रीही! इंग्रजीचे भाषातज्ज्ञसुद्धा समासांबद्दल लिहिताना हाच संस्कृत शब्द वापरतात.

फक्त सगळ्या जोडविशेषणांना हे लावू नका. टाइम-कन्झ्युमिंग, हार्ट-ब्रेकिंग अशी पहिला भाग नाम असलेली बरीच विशेषणं जोर पहिल्या भागावरच ठेवतात, मग पुढे नाम असो वा नसो. शंका आली तर लाँगमनची डिक्शनरी उघडा, जोर सरकणाऱ्या शब्दापुढे त्यांनी डावीकडे टोक असलेला छोटा काळा त्रिकोण दिलेला असतो.