नवरा रोज पितो, पण कामात कधी चुकत नाही. याला व्यसन म्हणायचं का?

ताई, तुम्ही लिहिलंय की रोज रात्री तीन-चार पेग होतात, घरात आरडाओरडा नाही, प्रॅक्टिस उत्तम चालते. आमच्याकडे हेच अकरा वर्षं चाललं आणि तुम्ही विचारलाय तो प्रश्न आम्ही कुणी विचारला नाही, म्हणून लिहितेय.

माझे मोठे भाऊ नागपुरात सीए आहेत. रामदासपेठेत ऑफिस, सिव्हिल लाइन्सला घर. एकही रिटर्न उशिरा गेला नाही. कसा जाणार? रात्री साडेआठनंतरचे फोन वहिनी घ्यायच्या, गाडी ड्रायव्हर चालवायचा, जुने असिस्टंट सकाळी अकराच्या आत कुणाला वेळच देत नसत. रोजंदारीवरचा माणूस प्यायला की दुसऱ्या दिवशीची मजुरी बुडते, गल्लीला कळतं. आमच्या घरात मात्र पैसा आणि माणसं मिळून सगळं झाकत होती. कुणी बोललंच तर भाऊ म्हणायचे, "मी कुठं पिऊन पडून राहिलो का कधी?"

मग पित्ताशयाचं ऑपरेशन निघालं. दारू घेता का, असं डॉक्टरांनी विचारलं. भाऊ म्हणाले, "कधीमधी." वहिनी आणि मी शेजारीच होतो, गप्प राहिलो. त्या गप्प राहण्याचा मला आजही त्रास होतो. तिसऱ्या रात्री त्यांचे हात थरथरायला लागले, चादर घामानं भिजली, भिंतीवर मुंग्या दिसायला लागल्या. आयसीयूत न्यावं लागलं. याला डिलिरियम ट्रेमेन्स म्हणतात. वर्षानुवर्षं रोज भरपूर पिणाऱ्याची दारू एकदम तुटली की दोन-तीन दिवसांनी हे होऊ शकतं, फिट्स त्याच्याही आधी येऊ शकतात. वेळेत उपचार नसतील तर माणूस जातो.

म्हणून हात जोडून सांगते, बाटल्या फेकून, मुलांची शपथ घालून उद्यापासून बंद करायला लावू नका. मानसोपचारतज्ज्ञांच्या देखरेखीखाली औषधं आणि थायमिन (बी-1 जीवनसत्त्व) देऊन दारू सुरक्षित सोडवता येते.

व्यसन आहे का, हे कामावरून ठरत नाही. पेग चुकला तर काय होतं ते बघा. सकाळी हात कापतात का? जिथे दारू नसते अशा लग्नाला घरूनच घेऊन निघतात का? जागतिक आरोग्य संघटनेची 'ऑडिट' नावाची दहा प्रश्नांची चाचणी आहे. तिच्यात 40 पैकी 20 किंवा जास्त गुण आले तर दारूवर अवलंबून असण्याची दाट शक्यता धरतात.

"नागपुरात सगळे ओळखीचे, क्लायंटला कळेल," ही भाऊंची मोठी भीती होती. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यात दारूशी संबंधित मानसिक त्रासही येतात आणि उपचाराची माहिती गुप्त ठेवण्याचा हक्क रुग्णाला आहे. सुरुवात फोननं करायची असेल तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 आणि व्यसनमुक्तीचा 14446 हे दोन्ही नंबर मोफत आहेत.

डॉक्टरांकडे जाल तेव्हा पेगचा आकडा सांगू नका, घरचा पेग हातानं ओतलेला असतो. 750 मिलीची बाटली किती दिवसांत संपते, तेवढं लिहून न्या.