तक्रार केली तर आईवर राग काढतील का?

जानेवारीतली गोष्ट. त्या आठवड्यात नाशिकला चांगलीच थंडी पडली होती. ताई शाल घट्ट लपेटून माझ्यासमोर बसल्या आणि पहिलंच वाक्य बोलल्या, "मॅडम, माझी चूक झाली. मी तिथल्या मावशीवर ओरडले. आता ते आईवर राग काढतील."

ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलते आणि नाव देत नाही. ताईंचं वय ५२, अंबडच्या एमआयडीसीत अकाउंट्सचं काम. आई ८१ वर्षांच्या, स्मृतिभ्रंश वाढत चाललेला. आठ महिन्यांपूर्वी त्यांना दिंडोरी रोडच्या बाजूला, द्राक्षबागांना लागून असलेल्या एका वृद्धाश्रमात ठेवलं होतं. भाऊ पुण्यात. "ठेवायचा निर्णय तुझा, आता तूच बघ," असं म्हणून तो मोकळा झालेला.

आदल्या रविवारी ताईंनी आईच्या स्वेटरची बाही सारली, तर मनगटापासून कोपरापर्यंत काळंनिळं. कडा पिवळट पडायला लागलेल्या, म्हणजे कालपरवाचं नव्हे. आश्रमातून फोन आलेला नव्हता. समोर जी मावशी दिसली तिच्यावर ताई तुटून पडल्या. ती बिचारी दिवसपाळीची. तिला काही माहीतच नव्हतं, ती रडायला लागली. घरी आल्यावर ताईंना झोप नाही. आईला परत आणायचं म्हटलं तर दिवसभर बघणार कोण?

मी विचारलं, "रात्री तिथं किती जणी असतात?"

ताई गप्प. आश्रमात मंगळवारी कोणती भाजी असते, चहा किती वाजता येतो, खिडकीतून काय दिसतं, सगळं त्यांना पाठ. रात्रीचं माणूसबळ आठ महिन्यांत एकदाही विचारलं नव्हतं. "विचारलं तर वाटेल की विश्वास नाही. आणि मी कुठल्या तोंडाने विचारू? आईला मीच सोडून आलेय ना?"

खरं दुखणं इथं होतं. आई-वडिलांना आश्रमात ठेवणाऱ्या बहुतेकांच्या मनात ही टोचणी असते. ती माणसाला आधी मुकं करते आणि मग एके दिवशी भलत्याच ठिकाणी फुटते, बहुधा सगळ्यात कमी पगाराच्या बाईवर. ज्यांनी उत्तर द्यायला हवं त्या ऑफिसातल्या माणसांपर्यंत प्रश्न पोहोचतच नाही. मी ताईंना सांगितलं, "तुम्ही आईला सोडलेलं नाही. तुम्ही तिची काळजी काही माणसांवर सोपवली आहे. ती माणसं कशी कामाला लावली जातात, हे विचारणं तुमचा हक्क आहे."

आम्ही तिथंच वहीत तीन प्रश्न लिहिले. रात्री किती मावश्या आणि किती आजी-आजोबा? कुणी पडलं तर कोण, कुठे लिहितं? आणि घरच्यांना फोन कोण करतं? 'कोणाची चूक' हा शब्द मी मुद्दाम खोडायला लावला.

ताई मंगळवारी गेल्या, रविवारच्या भेटीगाठींच्या गर्दीत नाही. व्यवस्थापक बाईंनी सुरुवातीला नेहमीचं उत्तर दिलं, "आजींना आठवत नाही हो, कुठेतरी आपटलं असेल." ताईंनी वही पुढे केली आणि रजिस्टर बघायला मागितलं. त्या पानाचं वर्णन त्यांनी मला तीनदा केलं. चार रात्रींच्या चार नोंदी, एकाच निळ्या पेनाने, एकाच बसणीत लिहिलेल्या: "रात्र शांत. सर्व आजी झोपल्या."

बाईंचा चेहरा उतरला. त्यांनी रात्रपाळीच्या मावशीला बोलावून घेतलं. हळूहळू सगळं बाहेर आलं. दोन मजले, १९ जण, रात्री एकटी मावशी. त्यातले चौघे अंथरुणाला खिळलेले. ज्यांना स्वतःहून कूस बदलता येत नाही त्यांना साधारण दर दोन तासांनी वळवावं लागतं, नाहीतर माकडहाडावर, टाचांवर जखमा होतात. ती वरच्या मजल्यावर एका आजोबांना वळवत असताना ताईंच्या आई खाली अंधारात बाथरूमकडे निघाल्या आणि पडल्या. मावशीने उचललं, हात चोळून दिला आणि कुणालाच सांगितलं नाही. कारण दिवाळीच्या आधी एक आजी पडल्या तेव्हा तिने खरं सांगितलं होतं, आणि तिचे ५०० रुपये कापले गेले होते.

ताई हे सांगत होत्या तेव्हा मला त्या मावशीची फार कणव आली. खरं सांगितल्याचा दंड भरलेली बाई पुन्हा खरं का सांगेल? मी वृद्धाश्रमाची पारख फरशीच्या चकचकीतपणावरून करत नाही. तिथली मावशी वरिष्ठांना वाईट बातमी न घाबरता सांगू शकते का, हे बघते. ती घाबरत असेल, तर घरच्यांपर्यंत काहीच पोहोचत नाही. आणि घाबरायचं की नाही, हे ऑफिसात बसणारं माणूस ठरवतं.

म्हणून 'राग काढतील का' याला माझं उत्तर असं: काही ठिकाणी काढतात, हे नाकारत नाही. पण गप्प बसल्याने तो धोका टळत नाही, फक्त दिसेनासा होतो. प्रश्न व्यवस्थेबद्दल विचारा, लेखी द्या, तारीख घाला. वेळ बदलून भेटायला जा, कधी संध्याकाळी सातला, कधी सकाळी. अंग, टाचा, पाठ स्वतः बघा. व्यवस्थापक चिडले, रजिस्टर लपवलं, "मग घेऊन जा तुमच्या आईला" म्हणाले, तर दुसरी जागा शोधायला लागा. दरम्यान १४५६७ ही ज्येष्ठांसाठीची सरकारी हेल्पलाइन आहे, तिथे फोन करता येतो. लोक मला २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याचं विचारतात. त्याचा मुख्य भर मुलांकडून मिळणाऱ्या निर्वाहखर्चावर आहे. खासगी आश्रमात रात्री किती माणसं हवीत, याचा आकडा त्यात नाही. तो आकडा तुम्हालाच विचारावा लागतो.

त्या व्यवस्थापक बाईंचं मला बरं वाटलं, कारण त्या पुढे नीट वागल्या. मावशीचे कापलेले पैसे परत दिले. रात्रीसाठी दुसरी बाई मिळायला तीन आठवडे गेले, तोवर स्वतः दोनदा मुक्कामाला थांबल्या. बाथरूमच्या वाटेवर रात्रभर दिवा लागला. डॉक्टरांना आईंच्या झोपेच्या गोळीबद्दलही विचारलं, कारण त्या गुंगीतही म्हातारी माणसं पडतात. ताईंनी दिवसपाळीच्या मावशीची माफी मागितली. ते त्यांना सगळ्यात अवघड गेलं.

फेब्रुवारीच्या शेवटी ताई पुन्हा आल्या. आठवड्यापूर्वी पहाटे पावणेसहाला आश्रमातून फोन आला होता. रात्रपाळीचीच मावशी बोलत होती: "ताई, आजी आत्ता कॉटवरून उतरताना घसरल्या. मी जवळच होते. गुडघा खरचटलाय, डॉक्टर आठ वाजता येतायत. तुम्ही घाबरू नका, पण सांगायला फोन केला."

"हात थरथरत होते माझे," ताई म्हणाल्या. मग म्हणाल्या, "पण मॅडम, त्या रात्री मी झोपले."