पाऊस लागला की मुलीच्या पोटात गोळा येतो

प्रश्न : आम्ही सांगलीच्या गावभागात राहतो. २०१९च्या महापुरात घरात पाणी शिरले, तेव्हा मुलगी पाच वर्षांची होती. आता ती अकरा वर्षांची आहे. पाऊस लागून राहिला की तिचे पोट दुखते, तळहात गार पडतात आणि ‘आयर्विनला (कृष्णेवरच्या आयर्विन पुलाला) पाणी किती फूट झालं?’ असे ती सारखी विचारत राहते. बालरोगतज्ज्ञांच्या तपासण्यांत काहीच निघाले नाही. सासूबाईंना ही शाळा चुकवण्याची नाटके वाटतात. तिचे बाबा ‘रडायचं नाही, धीट व्हायचं’ म्हणतात, आणि ती खरोखरच गप्प होते. मी काय करावे?
— एक वाचक, सांगली

उत्तर : तपासण्यांत काही निघाले नाही म्हणून दुखणे खोटे ठरत नाही, हे आधी घरातल्या सर्वांनी मान्य करावे. धोक्याची चाहूल लागताच मेंदू स्वायत्त, म्हणजे आपल्या इच्छेविना चालणाऱ्या, मज्जासंस्थेमार्फत शरीराला सज्ज करतो. अ‍ॅड्रेनलिन स्रवते, छाती धडधडते, त्वचेतील रक्तवाहिन्या आकसून तळहात गार पडतात आणि आतड्यांची नेहमीची लय बिघडते. यातले काहीही ती ठरवून करत नाही. भीतीने ‘पोटात गोळा आला’ असे आपण एरवी सहज म्हणतो, मग मुलीने तेच सांगितले तर ते नाटक कसे?

तिच्या बाबांचा हेतू चांगला आहे, यात शंका नाही. परंतु रडणे थांबले म्हणजे भीती शमली असे नव्हे. जेम्स ग्रॉस आणि रॉबर्ट लेव्हेन्सन या मानसशास्त्रज्ञांनी १९९०च्या दशकात प्रौढांवर केलेल्या प्रयोगांत, चित्रफीत पाहताना भावना चेहऱ्यावर उमटू न देणाऱ्यांच्या शरीरावरील ताण काही बाबतींत उलट वाढलेला आढळला. भीती वाटणे हा आजार नाही. भीती ओसरल्यावर शरीर पुन्हा निवांत होते की नाही, यावर मुलांचे मानसिक आरोग्य बरेच अवलंबून असते. भावनांना आवर घालणारा मेंदूचा पुढचा भाग विशीच्या मध्यापर्यंत घडत असतो, त्यामुळे तोवर मुले मोठ्यांच्या शांतपणाचा आधार घेतात. म्हणून पाऊस वाढल्यावर आपण स्वतः दर पाच मिनिटांनी मोबाईल पाहता का, तेही तपासावे.

तिच्या शेजारी बसून, हात हातात घेऊन, ‘पावसाचा आवाज ऐकून पोटात गोळा आला ना?’ एवढेच म्हणावे. मग चार अंक मोजत श्वास आत घ्यावा आणि सहा अंक मोजत सोडावा. सावकाश श्वास सोडताना मेंदूकडून हृदयाकडे जाणाऱ्या व्हेगस मज्जातंतूच्या प्रभावाने हृदयाचे ठोके मंदावतात. हा सराव उघडीप असतानाच करून ठेवावा, कारण घाबरलेल्या मुलाला नवे काही शिकवता येत नाही.

‘काही होणार नाही’ असे मात्र सांगू नये; तिने पाणी घरात आलेले पाहिले आहे. त्याऐवजी खरी माहिती द्यावी : आयर्विन पुलाजवळ इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५ फूट आहे, किती फुटांना आपण घर सोडणार आणि कोणाकडे जाणार, हे तिच्यासमोर ठरवावे. तिची पिशवी तिलाच भरू द्यावी. पाण्याची पातळी सकाळ-संध्याकाळ ठरावीक वेळी एकत्र पाहावी, कारण दर वेळी मिळालेला दिलासा क्षणभरच टिकतो आणि विचारण्याची सवय वाढत जाते. शाळा सुरू असेल तर पोटदुखीसाठी घरी ठेवू नये. टाळलेली भीती पुढच्या वेळी अधिक मोठी वाटते.

दुखण्याने रात्री झोपमोड होणे, वजन घटणे, शौचातून रक्त, वारंवार उलट्या किंवा ताप यांपैकी काही आढळल्यास बालरोगतज्ज्ञांकडे पुन्हा जावे. भीती उन्हाळ्यातही टिकली, झोप, जेवण किंवा शाळा बिघडू लागली, तर बालमानसोपचारतज्ज्ञांना दाखवण्यास उशीर करू नये. शासनाच्या ‘टेलि-मानस’ या मानसिक आरोग्य सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र विनामूल्य आणि मराठीतूनही बोलता येते. पहिला फोन आपण स्वतःच्या काळजीसाठी केला तरी चालेल.